आपल्या कुत्र्याच्या पिल्लाला, बंड्याला, दवाखान्यात का ठेवलं ते

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

परवा फोनवर मी चिडून बोलले आणि मधेच फोन ठेवला, बाबा, त्याचं मला लई वाईट वाटतंय. तुम्ही एवढंच म्हणत होता की लेकराला परक्या माणसांत एकटं टाकून आलीस, घरी आण, ताक-भात दे, दोन दिवसांत उभा राहील. तीन रात्री झोप नव्हती म्हणून नीट सांगता आलं नाही, आता सगळं सांगते.

आधी हे, की बंड्या जिवंत आहे. काल संध्याकाळी त्यानं चमचाभर चिकनचं पाणी चाटलं आणि ओकला नाही.

सोमवारी सकाळी खाल्लेलं सगळं बाहेर आलं तेव्हा मला वाटलं ऊन लागलं, मार्चमध्येच सोलापूर कसं तापतं तुम्हाला माहितीय. दुपारी पिवळा फेस, रात्री पातळ संडास आणि त्यात रक्त, आणि वास असा की फरशी धुतली, बादली धुतली तरी नाकातून जाईना. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती, इतकं अंगातलं पाणी गेलेलं. मंगळवारी पहाटे त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून सात रस्त्यावरून रिक्षा पकडली.

डॉक्टर मॅडमनी मागून कापसाची काडी फिरवून घेतली आणि कोरोनात आपण घरी करायचो तसल्याच किटवर थेंब टाकले. दहा मिनिटांत दुसरी रेघ उठली. पार्व्हो, कुत्र्यांना होणारा व्हायरसचा आजार.

बाबा, तुम्ही म्हणालात आमच्या लहानपणी गावात कुत्र्यांना कुठं सलाईन लागत होतं. ते खरंच आहे, कारण तेव्हा हा आजारच नव्हता. कुत्र्यांमधला हा पार्व्हो पहिल्यांदा ओळखला गेला तो १९७८ साली आणि मग एक-दोन वर्षांतच जगभर पसरला, म्हणजे तुमची शाळा संपून तुम्ही नोकरीला लागलात तेव्हाची गोष्ट. मग आजीच्या हळदीत नि ताकात याचं औषध कुठून असणार. डॉक्टरांकडेसुद्धा या व्हायरसला थेट मारणारं नेहमीचं औषध नाही. तो आतड्याचं अस्तर खातो आणि हाडातल्या मगजावर जातो जिथं रक्तातल्या पांढऱ्या पेशी तयार होतात, म्हणजे एकीकडं आतड्यातले जंतू रक्तात शिरायला वाट मोकळी आणि दुसरीकडं त्यांना अडवणारं कुणी नाही. म्हणून शिरेतून सलाईन चालूच ठेवायचं, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, साखर उतरली तर ग्लुकोज, अंग गार पडलं तर गरम पाण्याच्या पिशव्या, आणि शरीर स्वतः सावरेपर्यंत तगवून ठेवायचं. ओकणाऱ्या पिल्लाच्या तोंडातून घातलेलं पाणी पोटात राहतच नाही, हे मी सोमवारी रात्रभर चमच्यानं पाजून बघितलं की.

आणि एकटं का, तर हा रोग संडासातून पसरतो आणि बुटाला, हाताला, भांड्याला चिकटून दुसऱ्या पिल्लापर्यंत जातो. त्यांची वेगळी खोली आहे मागच्या बाजूला. दारात ब्लीचच्या पाण्याचा ट्रे, त्यात पाय बुडवायचे, वरून गाऊन, हातमोजे, आतली थर्मामीटर-वाट्या-पोछा सगळं आतच राहतं. तिथं काम करणारा मामा बाकीची जनावरं उरकून मग शेवटी या खोलीत जातो, उलटं कधीच नाही. बाहेर बाकड्यावर लोक लसीला आणलेली दीड-दीड महिन्याची पिल्लं मांडीवर घेऊन बसलेले असतात, मी आत जाऊन बंड्याला कुरवाळून तशीच बाहेर आले असते तर त्यातल्या एकाच्या तरी घरी हेच झालं असतं. म्हणून काचेतून बघते. तो डोकं उचलत नव्हता, पण मी काचेवर नख वाजवलं की शेपटीचं टोक हलायचं, पिंजऱ्याच्या पत्र्यावर टक टक. बुधवारी तेही हललं नाही. त्या दिवशी पांढऱ्या पेशी फार खाली होत्या, मी कुणाचाच फोन घेतला नाही.

चूक माझी आहे. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत तुम्ही त्याला पिशवीत घालून आणलंत, वयाच्या ४५ व्या दिवशी लसीचा पहिला डोस झाला, दुसरा तीन-चार आठवड्यांनी होता आणि नेमकं तेव्हाच आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आलं, माझं राहून गेलं. पिल्लाला १६ आठवड्यांचं होईपर्यंत हे डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, कुत्रीच्या दुधातून पिल्लात आलेली ताकद मधल्या काळात लस धरू देत नाही म्हणून. आणि मी त्याला रोज ग्राउंडवर सोडत होते, भटक्या कुत्र्यांत.

बाबा, आपल्या आधीच्या कुत्र्याचं, मोत्याचंही हेच होतं ना? तेच रक्त, तोच वास. तुम्ही रात्रभर मीठ-साखरेचं पाणी पाजत बसला होता आणि सकाळी बागेत खड्डा तुम्हीच खणलात. म्हणून तुम्हाला घरी ठेव वाटतंय, मला कळतं. पण यावेळी मी तसं होऊ देणार नव्हते.

आता घरचं. फिनाईलनं हा व्हायरस मरत नाही. आधी घाण नीट धुवायची, मग १ भाग ब्लीच ३० भाग पाण्यात, दहा मिनिटं फरशी ओली ठेवायची. नळाला चार दिवसांनी पाणी, त्यामुळं दोन पिंपं यातच संपली, शेजारच्या काकूंनी एक दिलं. बागेतल्या मातीत ब्लीच चालत नाही आणि मातीत तो कित्येक महिने टिकतो, म्हणून दादाच्या शेजारच्यांचं पिल्लू आणायचं म्हणत होतात ते आता नकोच, निदान त्याचे सगळे डोस होईपर्यंत. माणसाला कुत्र्याचा पार्व्हो होत नाही, आई, तेवढी काळजी करू नको. बंड्या घरी आला तरी काही आठवडे दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब ठेवायचाय, आणि बाकीच्या लसी, रेबीजची धरून, डॉक्टर सांगतील तेव्हा.

खर्च झालाय, पण माझ्याकडं होते, दादाला विचारू नका.

रविवारी आलात की चपला फाटकाबाहेरच काढा, तिथं ट्रे ठेवलाय. आणि बाबा, तुमची ती जुनी चादर, चाटी गल्लीतून आणलेली, बंड्या जिच्यावर झोपायचा, ती मी जाळली. तुम्हाला न विचारता. त्याच्यासाठी तशीच एक घेऊन ठेवलीय, अजून घडी मोडली नाही.

तुमची,
ताई