दादाच्या ऑपरेशनबद्दल

सातारा

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तुझा आवाज इतका खचलेला होता, की मला धड बोलताच आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

दादाची कॅन्सरची गाठ यकृताच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागात आहे, हे ऐकून मला जरा धीर आला. सर्जन यकृताचे आठ भाग मानतात. डाव्या कडेचे हे दोन हाताशी येतात, दुर्बिणीने, म्हणजे पोटाला लहान छिद्रं पाडून, काढायला सगळ्यांत सोयीचे. आमच्या काकांची गाठ उजवीकडे मागे, पार वरती होती. त्यांचं पोट उघडावं लागलं. बरगडीखालचे ते टाके त्यांना कितीतरी दिवस नीट खोकूही देत नव्हते. दादाला ते टळावं असं फार वाटतं.

ऑस्लोमध्ये २८० रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली आले. दुर्बिणीच्या गटात १९ टक्क्यांना गुंतागुंत झाली, पोट उघडलेल्यांत ३१ टक्क्यांना. त्यांचा कॅन्सर मोठ्या आतड्यातून यकृतात गेलेला होता, त्यामुळे हे आकडे दादाला जसेच्या तसे लावू नकोस. आणि ऑपरेशननंतर रुग्ण किती वर्षं जगले, ते दोन्ही गटांत सारखंच होतं. दुर्बिणीने त्रास कमी होतो. कॅन्सर जास्त बरा होतो असं नाही.

खरी काळजी मला उरलेल्या यकृताची आहे. हेपॅटायटिस बीच्या विषाणूमुळे दादाला सिरॉसिस झालाय, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झालंय. बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते), प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) किती, पोटात पाणी आहे का, हे आधी विचार. छिद्रं किती पाडणार ते नंतर. सिरॉसिसमध्ये दुर्बिणीचा एक मोठा फायदा म्हणजे पोटाची भिंत फारशी कापली जात नाही, त्यामुळे नंतर पोटात पाणी कमी साठतं. पण यकृत रक्ताने भरलेलं असतं. रक्तस्राव आवरेना, तर सर्जन पोट उघडतील; वहिनींना हे आधीच सांगून ठेव, म्हणजे त्या वेळी त्या घाबरणार नाहीत. गाठ दोन-तीन सेंटिमीटरच्या आत असेल तर सुई घालून ती जाळता येईल का, हेही विचार.

विषाणूवरची गोळी ऑपरेशननंतरही चुकता कामा नये. गाठ परत येऊ शकते, म्हणून तपासण्याही चालूच राहतील. आणि वहिनी, मुलं, तू स्वतः, सगळ्यांनी हेपॅटायटिस बीची रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या. ज्यांना संसर्ग नाही त्यांना लस आहे. यात चालढकल करू नकोस रे.

शनिवारी मी येतोय, सर्जनकडे बरोबरच जाऊ. सीटी स्कॅनची सीडी घेऊन ठेव, नुसत्या रिपोर्टच्या कागदावर त्यांना सांगता येणार नाही.

तुझा,
विजय