पाळक नसताना चर्च कोण चालवतं

प्रिय अनिल,
सप्रेम सलाम.

तुझ्या मेसेजला दोन ओळीत उत्तर देऊन भागलं नसतं म्हणून निवांत लिहायला बसलोय. तू विचारलंस की व्हिकर, म्हणजे इथले पाळक, सोडून गेले, नवीन अजून मिळेनात, मग तुमचं चर्च बंद पडलं का. नाही रे, चालू आहे, आणि ज्यांच्यामुळे चालू आहे त्यांच्याबद्दलच सांगायचंय.

१९७० ला नागपूरला सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं तेव्हा चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली आपली अँग्लिकन मंडळीपण त्यात आली, त्यामुळे बिशप आणि त्यांच्या हाताखालचा प्रदेश म्हणजे डायोसिस हे तुला नवीन नाही. पण इथे इंग्लंडमध्ये आपल्यासारखी बदलीची ऑर्डर निघत नाही. व्हिकर स्वतःहून जातात नाहीतर रिटायर होतात, मग गावकऱ्यांनी बसून आपल्या पॅरिशची, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाची, सगळी माहिती लिहायची, जाहिरात द्यायची, इंटरव्ह्यू घ्यायचे, त्यात प्रत्येक पॅरिशला एक पेट्रन असतो, कुठे बिशप, कुठे ऑक्सफर्डचं एखादं कॉलेज, कुठे जुनं जमीनदार घराणं, आणि नाव पुढे करायचा हक्क त्याचा. महिनेच्या महिने जातात. हेरफर्डशरच्या आमच्या भागात तर एका व्हिकरकडे पाच-सहा चर्च, प्रत्येकाचं गळणारं छप्पर वेगळं, कमिटी वेगळी, आणि रविवारी उपासनेला कुठे बारा माणसं कुठे वीस. त्यामुळे अर्जच कमी येतात.

मधल्या काळात जबाबदारी दोन चर्चवॉर्डन, म्हणजे मंडळीतून निवडलेले कारभारी, आणि रूरल डीन यांची. दोन वॉर्डनपैकी एक यंदा मी आहे. रूरल डीन म्हणजे याच भागातले एक सीनियर पाळक, त्यांना बिशप नेमतात. कॅथेड्रलचे डीन वेगळे हां, गल्लत करू नकोस. रूरल डीनना स्वतःची चर्च आहेतच, ती सांभाळून आजूबाजूच्या सगळ्या पॅरिशकडे बघायचं. इमारतींच्या परवानग्या वगैरे त्यांच्या वरच्या आर्चडीकनकडे जातात, पण आमच्या दारात गाडी येऊन थांबते ती रूरल डीनची. प्रभुभोजनाला दीक्षित पाळक लागतोच, मग ते रिटायर्ड पाळकांना फोन करून करून रविवार भरतात, बाकीच्या रविवारी रीडर, म्हणजे दीक्षा नसलेले पण प्रशिक्षण घेतलेले सभासद, उपासना घेतात, आणि कुणीच मिळालं नाही तर स्वतःच्या चर्चमधली नऊची उपासना आटपून अकराला आमच्याकडे हजर. लग्नाच्या आधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचावी लागतात, तेही त्यांनीच आठवण करून दिली. अंत्यविधीचा फोन कधीही येतो, त्याला तर ते कधीच नाही म्हणाले नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते दुसरंच. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमांत कॅनन सी २३ आहे, रूरल डीनने बिशपला काय काय कळवायचं ते त्यात सांगितलंय, आणि तिथे पाळकांचं गंभीर आजारपण किंवा दुसरा कुठलाही त्रास याचा खास उल्लेख आहे. म्हणजे पाळकाला काय होतंय हे बघणं हे कुणाचं तरी नेमून दिलेलं काम आहे, अनिल! खेड्यातला पाळक किती एकटा असतो तुला माहितीये, सगळं गाव आपलं दुखणं त्याच्याकडे नेतं आणि त्याला कोण विचारतं? आमचे आधीचे व्हिकर शेवटी शेवटी फार थकले होते, आम्हाला वाटायचं वय झालं, पण डीनसाहेबांनी ते ओळखलं, घरी जाऊन बसले, बिशपशी बोलले आणि त्यांना सक्तीने सुट्टीवर पाठवलं.

इथला एक म्हातारा शेतकरी सांगतो, २००१ मध्ये जनावरांना लाळ्या-खुरकुत आला तेव्हा देशभरात साठ लाखांवर जनावरं मारली, त्याचा कळप पण गेला. शेतावर कुणाला यायला बंदी. त्या वेळचे डीन रोज रात्री फोन करायचे, प्रार्थनेचं नावही न काढता नुसतं ऐकून घ्यायचे. हा माणूस त्याआधी चर्चला फक्त ख्रिसमसला यायचा, आता घंटा तोच वाजवतो.

म्हणून तुला मुद्दाम लिहितोय. राहुरी, संगमनेरकडच्या खेड्यांतल्या आपल्या पाळकांकडे असं कोण जातं रे? बिशप किती ठिकाणी पुरणार? तू डायोसिसच्या मीटिंगांना असतोस, तिथे हा विषय काढच. जवळच्या एखाद्या सीनियर पाळकाला रीतसर हे काम द्या, पेट्रोलचे पैसे द्या, आणि महिन्यातून एकदा सगळ्या पाळकांनी एकत्र जेवायचं एवढं जरी ठरलं ना तरी खूप फरक पडेल. माझी मदत लागली तर इथले कागद पाठवतो, मराठीत करून देतो.

आमचे इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहेत, दोन अर्ज आलेत. प्रार्थनेत आठवण ठेव, डीनसाहेबांची पण ठेव, त्यांचं स्वतःचं गुडघ्याचं ऑपरेशन त्यांनी आमच्यासाठी पुढे ढकललंय आणि ते मला अजिबात पटलेलं नाही. वहिनींना सलाम, पोरांना पापा.

तुझा,
सुधीर