ऊर्जेचा अभ्यास आणि आमच्या भट्टीचं बिल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या शैक्षणिक पुरवणीत ‘पदवीनंतर काय?’ या पानावर कॉम्प्युटरच्या कोर्सेसना पाऊण पान मिळालं आणि ऊर्जा विषयाला दोन ओळी. त्याही ‘सोलरमध्ये संधी’ एवढ्याच. माझी पुतणी यंदा इलेक्ट्रिकलची बी. ई. झाली, तिला ऊर्जा व्यवस्थापनात एम. टेक. करायचंय. तिनं ते पान माझ्यापुढं टाकलं नि म्हणाली, “काका, एवढंच आहे काय की हे?” मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, बावीस वर्षं मेंटेनन्स बघतो. म्हटलं, आपणच लिहावं.

एक टन लोखंड वितळवून ओतण्याइतकं तापवायला हिशेबानं चारशे युनिटच्या आसपास वीज पुरते. आमच्या विजेवरच्या इंडक्शन भट्टीवर प्रत्यक्षात साडेपाचशे-सहाशे लागते. मधली युनिटं जातात कुठं? बरीचशी भट्टीभोवतीची विजेची कॉइल गार ठेवणाऱ्या पाण्यातून, थोडी भट्टीच्या अंगातून आणि काही, सांगायला लाज वाटते, उघड्या झाकणातून. लॅबमधून नमुना पास होऊन येईपर्यंत लोखंडाचा रस तसाच तापवत ठेवायचा, झाकण बाजूला. चौदाशे अंशांच्या पुढचा तो रस छत तापवत बसतो, आणि पैसे आपण भरतो.

पुतणी दिवाळीत आली तेव्हा तिनं आमचं बिल मागितलं. युनिटांकडं बघितलंच नाही, आधी कमाल मागणीचा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली त्याचा, आकडा शोधला. “दोन्ही भट्ट्या एकदम फुल पॉवरवर घेता काय?” होय, सकाळी दोन्ही एकदमच. मंजूर मागणीच्या वर गेलेल्या भागाला चढा दर लागतो, हे मला ठाऊक होतं. पण ते आपल्या हातात आहे, असं कधी वाटलं नव्हतं. आता पहिलीचा रस उतरायला आला की मगच दुसरी पूर्ण पॉवरवर घेतो. पुढच्या महिन्यात दंडाची ओळ बिलातून गेली. बिल कन्नडमध्ये, मशीनचं पुस्तक इंग्रजीत आणि शिव्या मराठीत अशा आमच्या कारखान्यात हे आजवर कुणी समजावून सांगितलं नव्हतं. व्यवस्थापन म्हणतात ते हेच.

वीज साठवण्याचं उदाहरणही जिल्ह्यातच आहे. यल्लम्माच्या डोंगराला जाणाऱ्यांनी रेणुकासागरचं पाणी पाहिलेलं असतं. तोच जलाशय खालचा तलाव धरून सौंदत्तीला हजार मेगावॅटहून मोठा उदंचन जलविद्युत प्रकल्प आखलाय. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वरच्या तलावात चढवायचं, गरज पडली की खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. अशा प्रकल्पात शंभर युनिटं घातली की पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. हे ऐकून आमचे थोरले बंधू म्हणाले, “मग तोटाच की!” त्यांना म्हटलं, दादा, आपल्या आजोबांच्या जमिनीखालच्या पेवात कडेची ज्वारी दरवर्षी काळी पडायची, म्हणून त्यांनी पेव बुजवलं काय? दुपारच्या उन्हातल्या विजेला गिऱ्हाईक कमी, आणि संध्याकाळी दिवे लागले की सगळ्यांना एकदम हवी. रात्री बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जाणाऱ्याला तरी हा फरक समजावून सांगायला नको.

ऊर्जेच्या रूपांतराचं काय सांगू! गोकाकच्या धबधब्याचं पाणी गिरणीसाठी टर्बाइनवर घेतलं ते 1887 साली. आज जिल्ह्यातले कितीतरी साखर कारखाने उसाच्या चिपाडावर बॉयलर पेटवून वीज करतात, आणि टर्बाइनमधून निघालेल्या वाफेवरच उसाचा रस आटवतात.

आता शिक्षणाचं. एम. टेक.ला बऱ्याच ठिकाणी गेट या देशपातळीवरच्या परीक्षेचा स्कोअर लागतो, आणि गेटला सीमा नाही. महाराष्ट्रात सीमाभागातल्या 865 गावांच्या मुलांना सवलत मिळते का, हा प्रश्न इथं आडवा येत नाही. गेटवर प्रवेश मिळाला तर महिना 12,400 रुपये शिष्यवृत्ती मिळते. पवईच्या आयआयटीत ऊर्जा विज्ञान आणि अभियांत्रिकी असा स्वतंत्र विभागच आहे. मात्र कोर्सचं नाव बघून फॉर्म भरू नये, विषयांची यादी मागावी. एका ठिकाणी माहितीपुस्तकावर पवनचक्की आणि आत सगळा जुनाच इलेक्ट्रिकलचा अभ्यास, असं आम्ही बघून आलो. वीज साठवणारी बॅटरी म्हणजे मुळात रसायनशास्त्र, त्यामुळं काही ठिकाणी एम. एस्सी. झालेल्यांनाही वाट असते. तेही विचारून घ्यावं.

केंद्राच्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली (2001) एनर्जी मॅनेजर आणि एनर्जी ऑडिटर (ऊर्जेचा हिशेब तपासणारा) यांची देशपातळीवरची परीक्षा होते. मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चार. पदवीधर इंजिनिअरला तीन वर्षांचा अनुभव लागतो. आमच्यासारख्या भट्टीवर राबणाऱ्या पोरांना ही परीक्षा एम. टेक.पेक्षाही जवळची आहे, पण तिचं नाव मी आजवर एकाही मार्गदर्शन मेळाव्यात ऐकलं नाही.

मेळाव्यावरून आठवलं. एका सल्लागारानं पुतणीला सांगितलं, “जर्मनीत शिक्षण फुकट.” तिथल्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं. पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी बंद खात्यात दाखवावे लागतात, 2024 च्या सप्टेंबरपासून 11,904 युरो, म्हणजे दहा लाखांच्या वरच. हे त्यानं स्वतःची फी घेतल्यावर सांगितलं.

तेव्हा विनंती एवढीच की पुरवणीत या विषयाला एक अख्खं पान द्यावं, आणि ते उद्यमबाग, मच्छे इथल्या कारखान्यांत फिरून लिहावं. आमच्या फाउंड्रीचं बिल छापायला हवं असेल तर मालकांची हरकत नाही, मी विचारून ठेवलंय.

आपला,
उद्यमबागेतील एक वाचक, बेळगाव