आजी, इथे एक विहीर आहे

आजी, जयभीम. आई, हे आजीला सावकाश वाचून दाखव, मधेच फोन आला तर बाजूला ठेव पण घाईत उरकू नकोस.

20 मार्चचे महाडचे फोटो मिळाले. आजी पायऱ्यांवर बसलीय, पाण्यात हात घातलाय, तो फोटो मी किती वेळा बघितला सांगू शकत नाही. आणि त्याच संध्याकाळी इथे एक गोष्ट झाली, ती फोनवर नीट सांगता येईना म्हणून लिहितेय.

आमची ही अमेरिकेतली नोटर डेम युनिव्हर्सिटी कॅथलिक फादरांनी 1842 मध्ये काढलेली, त्यामुळे कॅम्पसवर कुठेही वळा, कुणी ना कुणी संत उभे असतातच. मी इतके महिने त्यांच्याकडे फारसं बघितलंच नव्हतं, आपला काय संबंध म्हणून. ओशॉनेसी हॉल म्हणून एक बिल्डिंग आहे, तिच्या बाहेर ब्रॉन्झची दोन माणसं आहेत, एक बाई आणि एक पुरुष, आणि मधे विहीर. रोज बाजूने जायचे. त्या दिवशी तुझा फोटो मोबाइलवर उघडाच होता आणि समोर ती विहीर, पाय हललेच नाहीत बघ.

तो पुरुष म्हणजे येशू आणि ती शोमरोनी बाई. रूमवर येऊन मराठी बायबलात योहानाचा चौथा अध्याय वाचला. भर दुपार, हा चालून चालून दमलेला, विहिरीपाशी टेकलाय, सोबतचे गावात खायला आणायला गेलेत, आणि ती बाई एकटी पाण्याला येते. हा तिला म्हणतो मला प्यायला दे. ती चकितच होते, की तुम्ही यहुदी आणि मी शोमरोनी, माझ्याकडे पाणी कसं मागता? कारण त्यांच्यात विटाळ होता गं आजी, यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहारच ठेवायचे नाहीत. वर ती त्याला हेही सुनावते की तुमच्याकडे पोहरा नाही आणि विहीर खोल आहे. मला ती बाई फार आवडली, कसलीच भीडभाड नाही.

तू सांगायचीस ना, की लहानपणी तुम्ही विहिरीच्या लांब उभ्या राहायच्या, काठाला हात लावायचा नाही, कुणाला दया आली तर तो वरून घागरीत ओतणार. ते ऐकताना मी सहावी-सातवीत असेन, मला ती जुन्या काळातली गोष्ट वाटायची. इथे त्या दोघांपुढे उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या गोष्टीतली मुलगी तूच. आणि इथे ज्याच्या लोकांनी विटाळ मानला तोच तिच्या हातचं पाणी मागतोय. तरी खरं सांगू, महाडला 1927 मध्ये कुणी दिलं नाही आणि आपण कुणाकडे मागितलंही नाही, बाबासाहेबांनी स्वतः ओंजळ भरली, मला ते जास्त मोठं वाटतं. पण हे शिल्पही मनातून जात नाही.

ज्याने ते केलं त्याचं नाव इव्हान मेश्त्रोविच, क्रोएशियाचा, लहानपणी मेंढ्या राखायचा आणि राखता राखता लाकूड कोरायचा. पुढे मोठं नाव झालं, पण 1941 मध्ये तिथल्या फॅसिस्ट सरकारने त्याला तुरुंगात टाकलं, मग सुटून देश सोडून शेवटी अमेरिकेत. 1955 ला तो या युनिव्हर्सिटीत शिकवायला आला, हे शिल्प 1957 चं, म्हणजे सत्तरी उलटून गेल्यावरचं, आणि 1962 मध्ये याच गावात वारला. तेव्हा इथे फादर हेसबर्ग प्रमुख होते, तेच पुढे 1964 ला शिकागोत मार्टिन ल्यूथर किंगच्या हातात हात देऊन उभे राहिले, तो फोटो इथे सगळ्यांना माहीत आहे. बाबांना दाखवेन, त्यांना आवडेल.

एक राहिलंच. अध्यायात पुढे ती बाई आपली घागर तिथेच विहिरीपाशी टाकून गावात धावत जाते लोकांना बोलवायला. पाण्यासाठी आलेली बाई घागर विसरते! मी तिथेच थांबले, दोनदा वाचलं.

आजी, तुला मी कधी विचारलंच नाही की तुझी घागर कसली होती, मातीची की पितळेची, आणि कुणीच आलं नाही ओतायला तर तुम्ही किती वेळ थांबायच्या. रविवारी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा सांग. आई, तो कॉल रेकॉर्ड करून ठेव.

तुझीच,
छकुली