खाड्याचा रकाना

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. 'सर्व्हे की मुलाखती, एक काय ते ठरवा,' असं तुझ्या गाईड म्हणतात म्हणून तू हवालदिल झालीयस. माझं मत विचारशील तर दोन्ही कर. फक्त आकड्यांचं एक प्रकरण आणि मुलाखतींचं दुसरं, अशी वाटणी करू नकोस. एकाने दुसऱ्याचे प्रश्न बदलले पाहिजेत, नाहीतर दोन्ही करण्यात अर्थ नाही.

माझा विषय तुला ठाऊकच आहे, बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रिया. २०१९ साली शासनाच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभरातलं प्रमाण तीन टक्क्यांच्या घरात होतं. एवढा आकडा समोर आल्यावर हा प्रश्न दडपणं कुणालाच सोपं राहिलं नाही.

पण खाड्याचं बघ. 'गेल्या हंगामात आजारपणामुळे किती दिवस काम बुडालं?' असा प्रश्न पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या चाचणी सर्व्हेत होता. एकामागून एक बायका शून्य सांगत गेल्या. नुसता रकाना पाहिला तर वाटेल, तब्येती ठणठणीत आहेत. त्याच बायका संध्याकाळी कोपीसमोर, म्हणजे आपल्या झोपडीसमोर भाकरी थापताना बोलायला लागल्या, तेव्हा उलगडा झाला. खाडा झाला की टोळीचा मुकादम दंड लावतो आणि तो उचलीत, म्हणजे आधीच घेतलेल्या आगाऊ पैशांच्या कर्जात चढतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई बसली तर गड्याचीही मजुरी जाते. म्हणून अंगावरून जात असलं, पोटात कळा येत असल्या, तरी मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. तो शून्य आजार नसल्याचा नव्हताच, आजारी पडायची सोय नसल्याचा होता. आता मी विचारते, 'अंगात बळ नसताना फडात गेलात, असे दिवस किती?' आणि रकाना भरतो.

म्हणून मुलाखतीच खऱ्या, असं मात्र समजू नकोस. ऊसतोडीमुळेच शस्त्रक्रिया वाढल्या, की त्याच गावांत घरी राहणाऱ्या बायकांचीही तीच गत आहे? कोपीतल्या गप्पांतून हे कधीच कळणार नाही. त्याला त्याच वाड्या-तांड्यांवरच्या, तोडीला न जाणाऱ्या बायका तुलनेला घ्याव्या लागतात, वय आणि लग्नाचं वय जुळवून.

तुला जमलं तर ऑस्ट्रियातल्या मारिएन्थालचा अभ्यास वाच. सूतगिरणी बंद पडून सगळं गाव बेकार झालेलं. १९३१-३२ मध्ये मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे लोकांच्या रोजनिशा, जीवनकथा जमवल्या, आणि घड्याळ लावून रस्त्यावरच्या माणसांचा चालण्याचा वेगही मोजला. रिकामा वेळ वाढला होता, तरी वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली होती. हा आकडा आणि लोकांचं बोलणं शेजारी-शेजारी ठेवलं, तेव्हा बेकारी माणसाला कशी ढासळवते ते दिसलं. मला तो अभ्यास फार जवळचा वाटतो.

तू विचारलंस, मुलाखतीला बायका निवडायच्या कशा? सर्व्हेतूनच निवड. मी अशा बायका शोधतेय, ज्यांचं लहानपणी लग्न झालं, लवकर मुलं झाली, वर्षानुवर्षं तोड केली, म्हणजे माझ्या गणिताप्रमाणे शस्त्रक्रिया व्हायलाच हवी होती, पण झाली नाही. त्यांना कुणी अडवलं? डॉक्टर चांगला भेटला, की पैसेच नव्हते? माझ्या प्रबंधाचा जीव त्या उत्तरांत आहे.

टोळ्या गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात, तेव्हाच मुख्य सर्व्हे करायचाय. त्याआधी एक काम करशील? पाच मुलाखती पाठवते, नावं काढून. माझं कोडिंग, म्हणजे कुठलं बोलणं कुठल्या मुद्द्याखाली टाकलंय ते, न बघता तू स्वतःचं कर. जुळलं नाही, तर कुठे जुळलं नाही त्यावर बसून भांडू. तुझी प्रश्नावलीही पाठव, अगदी कच्ची असली तरी.

तुझीच,
वैजू