म्युनिकला जाताना पाण्याचा रिपोर्ट सोबत न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील पर्यावरण तंत्रज्ञानाच्या प्रदर्शनांना आपले उद्योजक निघाले की 'सहलीला चालले' असे सर्रास म्हटले जाते. तयारी न करता जाणाऱ्यांच्या बाबतीत ते खरेही ठरते. पण म्हणून जाणेच व्यर्थ, हा निष्कर्ष कारखानदारांना महागात पडतो आहे. इचलकरंजीतील प्रोसेस हाउसना, म्हणजे कापडाचे ब्लीचिंग-रंगणी करणाऱ्या कारखान्यांना, सांडपाण्याच्या यंत्रणेवर येत्या काळात मोठा खर्च करावा लागणार आहे, आणि बहुतेकांचा तो निर्णय एखाद-दुसऱ्या विक्रेत्याच्या कोटेशनवर होतो. एवढा पैसा घालण्याआधी नीट तयारी करून एकदा असे प्रदर्शन पाहणे का गरजेचे आहे, आणि तिथे नेमके काय पाहायचे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

उदाहरण म्हणून म्युनिकचे 'इफाट' घेऊ. पाणी, सांडपाणी, कचरा आणि पुनर्वापर या विषयांवरचे जगातले हे सर्वांत मोठे प्रदर्शन. १९६६ साली सुरू झाले, आता दर दोन वर्षांनी, सम वर्षी, मे महिन्यात भरते. रीमचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद झाला, त्या जागेवर उभारलेल्या अठरा हॉलमध्ये आणि बाहेरच्या मैदानात तीन हजारांहून अधिक प्रदर्शक असतात. इथे एकाच कामाची सात-आठ कंपन्यांची यंत्रे जवळजवळच्या स्टॉलवर, अनेकदा उघडून ठेवलेली पाहायला मिळतात. आपल्याकडे विक्रेते एकेक करून येतात, तेही लॅपटॉप घेऊन. त्यातून तुलना होत नाही.

गाळाचेच बघा. रंगणीच्या ईटीपीतून (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेतून) दिवसाला २०० किलो कोरडा ऐवज निघतो असे धरू. गाळातले पाणी पिळून काढणाऱ्या स्क्रू प्रेसमधून गाळ साधारण १८ टक्के कोरडा होऊन बाहेर पडतो, म्हणजे रोज सुमारे १,११० किलो ओला गाळ. चांगल्या फिल्टर प्रेसमधून तोच ३२ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे ६२५ किलो. फरक रोजचा ४८५ किलो, वर्षाच्या ३०० दिवसांत जवळपास १४५ टन. हा गाळ घातक कचऱ्यात मोडला तर तो रांजणगाव किंवा तळोजा येथील प्रक्रिया केंद्रावर पाठवावा लागतो. तिथे दर टनावर असतो आणि वाहतूक अडीचशे किलोमीटरहून जास्त. हा १४५ टनांचा फरक म्हणजे नुसते पाणी, आणि ते पाणी आपण पैसे देऊन फिरवतो आहोत. पावसाळ्यात वाळवणीचे वाफे तर कामच करत नाहीत. स्टॉलवर दोन्ही प्रकारांची यंत्रे चालू दिसली की प्रश्न विचारायचा तो असा: माझ्या गाळाच्या जातीला किती टक्के, गाळ गोळा करायला कोणते पॉलिमर, टनाला किती किलो, आणि प्रेसचे गाळणीचे कापड किती महिन्यांनी बदलायचे? 'गाळ किती कोरडा होतो' एवढेच विचारले तर उत्तर नगरपालिकेच्या मैल्याचे मिळते. रंगणीचा रासायनिक गाळ तसा वागत नाही.

आता पाणी. आपण चुकतो ते सर्वांत जास्त इथे. युरोपातल्या मेंब्रेन (पाणी गाळणारा सूक्ष्म पडदा) कंपन्या कठीणपणा, क्षार, सीओडी (प्रदूषणाचे एक माप) लगेच विचारतात. म्युनिकच्या परिसरातले पाणी चुनखडीचे आहे, त्यामुळे कॅल्शियमची काळजी त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. आपला दख्खन काळ्या पाषाणाचा. बोअरच्या पाण्यात लिटरला ४० मिलिग्रॅम सिलिका सहज सापडते, आणि कठीणपणा काढणारा सॉफ्टनर तिला हात लावत नाही. त्यात ब्लीचिंगला पेरॉक्साइड स्थिर ठेवण्यासाठी सोडियम सिलिकेट घातले जाते, तेही सांडपाण्यात येते. मेंब्रेनच्या आरओ यंत्रणेची वसुली, म्हणजे शुद्ध होऊन परत मिळणारे पाणी, ७५ टक्के ठेवली तर मागे उरणारे पाणी चौपट तीव्र होते: ४० चे १६०. वसुली ८५ टक्क्यांवर ताणली तर ते साडेसहा पटींहून जास्त, म्हणजे २६० च्या पुढे. साध्या तापमानाला, उदासीन पाण्यात सिलिका लिटरला साधारण १२० मिलिग्रॅमपर्यंतच विरघळलेली राहते. अँटिस्केलंटने (थर बसू न देणाऱ्या रसायनाने) ही मर्यादा काही प्रमाणात वर सरकते, पण कायमची नाही. मेंब्रेनवर काचेसारखा थर बसतो. तो नेहमीच्या ॲसिडने सुटत नाही, उच्च पीएचच्या धुलाईनेही अर्धवटच सुटतो, आणि शेवटी मेंब्रेन बदलावा लागतो. विक्रेत्याने हमीपत्रात 'सिलिका मर्यादेत असल्यास' अशी ओळ टाकलेली असते. ती ओळ वाचायची राहून जाते.

याचा उपाय यंत्र विकत घेण्याआधी आपल्या कारखान्यातच असू शकतो. ब्लीचिंगमधले सिलिकेट काढून सेंद्रिय स्टॅबिलायझर वापरता येते. प्रदर्शनात चुना आणि मॅग्नेशियमने सिलिका खाली बसवणाऱ्या यंत्रणा दिसतात, त्यांना किती मॅग्नेशियम लागते आणि गाळ किती वाढतो हे विचारता येते. पण हे विचारण्यासाठी आपला आकडा ठाऊक हवा. आपल्याकडे ईटीपीच्या नियमित तपासणीत पीएच, सीओडी, बीओडी (जैविक प्रदूषणाचे माप), टीडीएस (विरघळलेले क्षार), निलंबित घन एवढेच असते. सिलिका तपासणीत नसेल तर ती स्वतः सांगून करून घ्यावी. एका नमुन्यावर विसंबू नये: काळा आणि मरून चालू असलेल्या दिवसाचा एक, पांढऱ्याचा एक, आणि रविवारी सुट्टीनंतर सोमवारी सकाळचा एक, असे किमान तीन.

दुसरी फसगत हवेची. सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या पत्रकातले आकडे सहसा २० अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीचे असतात. इचलकरंजी साडेपाचशे मीटर उंचीवर, आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला टेकतो. गरम आणि विरळ हवेत प्राणवायू कमी असतो. हिशेब केला तर तोच ब्लोअर इथे साधारण १२ टक्के कमी प्राणवायू देतो. ऐन उन्हाळ्यात वायूकरणाच्या टाकीत विरघळलेला प्राणवायू घसरतो, वास येऊ लागतो, आणि दोष बॅक्टेरियाला दिला जातो. जैविक प्रक्रियेच्या विजेच्या बिलात अर्धा भाग वायूकरणाचाच असतो, त्यामुळे ही चूक दोन्हीकडून मारते. पॅनलचेही तेच आहे. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) साधारण ४० अंशांच्या वर गेली की दर अंशाला एक टक्का क्षमता गमावते. पत्र्याच्या खोलीत दुपारी ५० अंश भरतात. त्यामुळे ऑर्डर देतानाच 'सभोवतालचे तापमान ५० अंश, उंची ५५० मीटर' हे लिहून द्यावे. वीजदाब आणि वारंवारतेची मात्र चिंता नाही: युरोपात ४०० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहेत, ते आपल्याला चालतात.

बाष्पीभवनाच्या यंत्रांवर मात्र सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण शून्य विसर्जनाचा, म्हणजे सांडपाणी बाहेर अजिबात न सोडण्याचा, खरा खर्च तिथेच आहे. एका टप्प्यात एक टन पाणी उडवायला सुमारे १.१ टन वाफ लागते. तीन टप्प्यांच्या यंत्रात ती साधारण ०.४ टनांवर येते. वाफ पुन्हा दाबून वापरणाऱ्या एमव्हीआर यंत्रात सुरुवातीखेरीज वाफ जवळपास लागत नाही, टनाला १५ ते ३० युनिट वीज लागते, आणि स्टॉलवर हा आकडा ऐकून माणूस हरखतो. पण तो आकडा पातळ पाण्याचा असतो. मिठाचे पाणी संपृक्त होत आले की त्याचा उत्कलनांक साध्या पाण्यापेक्षा आठेक अंशांनी चढतो, आणि वाफ दाबणाऱ्या एका पंख्याने मिळणारी तापमानाची वाढ तेवढीच किंवा त्याहून कमी असते. मग तिथे यंत्र थांबते. रिॲक्टिव्ह रंगांच्या रंगणीत आपण साधे मीठ वापरतो की ग्लॉबर्स सॉल्ट (सोडियम सल्फेट), हे सांगावे, कारण दोन्हींचे वागणे वेगळे. 'सुरुवातीला एवढे, शेवटी एवढे' असे विजेचे दोन्ही आकडे लेखी मागावेत, आणि नळ्या किती तासांनी धुवायच्या हेही.

इथे तिरुप्पूरचा उल्लेख टाळता येत नाही. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथली रंगणी केंद्रे बंद झाली आणि शून्य विसर्जनाखेरीज पर्याय उरला नाही. त्यानंतर तिथल्या उद्योगाने मिठाचे पाणी नॅनोफिल्ट्रेशनने (मेंब्रेनच्याच एका प्रकाराने) परत मिळवण्यावर मोठे काम केले आणि अनेकांना पहिली यंत्रणा बदलावीही लागली. पंचगंगेच्या काठी असलेल्या आपल्यासारख्यांनी बंदीची वाट न पाहता आधीच पाहून-पारखून घेणे अधिक स्वस्त.

ग्राहकांकडूनही दबाव येतो आहे. युरोपीय संघाचा सीमेवरील कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट आणि खते त्यात आहेत, आपल्या भागातून जाणारे नट-बोल्टही पोलादात येतात. वर्षाला ५० टनांपर्यंत आयात करणाऱ्यांना सूट आहे. कापड सध्या त्यात नाही, पण १८ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या संघाच्याच इकोडिझाइन (पर्यावरणपूरक उत्पादन रचना) नियमात कापड अग्रक्रमाचे मानले आहे. इथे देशातही शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्या कंपन्या पुरवठादारांकडे पाणी, वीज आणि कचऱ्याचे आकडे मागू लागल्या आहेत. प्रदर्शनातल्या परिसंवादांत हे नियम समजावून सांगितले जातात, त्यातील एक-दोनच निवडावेत. बाकी वेळ स्टॉलवर.

आता जाण्याबद्दल. तीन-चार महिने आधी एका पानावर आपले चित्र मांडावे: रोजचे घनमीटर, ऋतूनुसार फरक, वरचे तीन रिपोर्ट, जागा किती, वीज दर, गाळाचा दर, आणि सुटायला हवी अशी एकच अडचण. एकच म्हणतो, कारण पाच घेऊन गेलेला माणूस एकही सोडवून परत येत नाही. आठ-दहा कंपन्यांना हे पान पाठवून भेटीची वेळ ठरवावी. जे कोणी उलट प्रश्न विचारतात, त्यांच्याकडे आधी जावे. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे महिना सुट्ट्यांचा, त्यामुळे अपॉइंटमेंट लवकर घ्यावी. प्रवास विमा ३०,००० युरोंचा लागतो. प्रदर्शनाच्या आठवड्यात म्युनिकमध्ये हॉटेलांचे दर चढलेले असतात. जवळच्या औग्सबुर्ग शहरात राहून रेल्वेने येणे परवडते, आणि म्युनिकमधून यू-२ मेट्रो थेट प्रदर्शनापर्यंत नेते.

मालकाने एकट्याने जाऊ नये. सोबत ईटीपी चालवणारा किंवा मेंटेनन्सचा माणूस हवाच. मालकाची नजर किमतीवर असते. तो माणूस मात्र बेअरिंग कुठे आहे, तिथपर्यंत पाना पोहोचतो का, आणि हातमोजे घालून हे झाकण उघडते का, हे बघतो. यंत्र पाचव्या वर्षी चालते की भंगारात जाते, ते त्याच्या या नजरेवर ठरते. सुट्या भागांचा साठा भारतात कुठे आहे, सील आणि डिस्कची किंमत काय, आणि सर्व्हिसचा माणूस पुण्याहून येतो की जर्मनीहून, हे प्रश्न त्यालाच विचारू द्यावेत. दोघांनी हॉल वाटून घ्यावेत आणि संध्याकाळी आपापल्या वह्या जुळवाव्यात.

सगळ्यांनी म्युनिकलाच जावे असे नाही. ज्याचा विसर्ग दिवसाला ५० घनमीटर आहे, त्याने आधी मुंबईत गोरेगावला भरणारे इफाट इंडिया बघावे. प्रवासखर्च नगण्य आहे आणि भारतातले एजंटही तिथेच भेटतात. उष्ण हवामानात चालणारी आणि खाऱ्या पाण्यावरची यंत्रे बघायची असतील तर दुबईचे वेटेक्स हे प्रदर्शन जवळ पडते. ज्यांचा खर्च कोट्यवधींत जाणार आहे त्यांच्यासाठी म्युनिकचे विमानभाडे हा त्या रकमेच्या तुलनेत फार छोटा भाग आहे. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य योजनेतून औद्योगिक संघटनांच्या शिष्टमंडळांना प्रवासखर्चाची परतफेड मिळू शकते. अर्ज संघटनेमार्फत आणि आधीच करावा लागतो, उद्यम नोंदणी लागते, आणि पैसे नंतर हाती येतात, हे गृहीत धरून तरतूद करावी.

परत आल्यावर पंधरा दिवसांच्या आत आवडलेल्या दोन-तीन कंपन्यांकडे चाचणी यंत्र मागावे. एकदम मोठी ऑर्डर देऊ नये. तासाला एक घनमीटर इतके छोटे मेंब्रेन यंत्र आपल्याच सांडपाण्यावर कमीतकमी तीस दिवस चालवावे. आठवड्याभराच्या चाचणीत सगळेच चांगले दिसते. सिलिका आणि रंगाचे खरे रूप दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, प्रवाह हळूहळू घटताना दिसते. दाब, प्रवाह आणि धुलाईच्या तारखा रोज वहीत लिहाव्यात, आणि हमीपत्र त्या वहीच्या आकड्यांवरच करून घ्यावे.

एक विनंती औद्योगिक संघटनांना. सरकारी मदतीने जाणाऱ्या प्रत्येक सदस्याकडून परतल्यावर चार पानांचे टिपण घ्यावे: कुठले यंत्र पाहिले, काय विचारले, काय उत्तर मिळाले, आणि चाचणी केली असल्यास तिचे आकडे. ते संघटनेच्या कार्यालयात सर्वांना वाचायला ठेवावे. एका प्रोसेस हाउसने सिलिकेटवर केलेला खर्च शेजारच्या दहा जणांनी पुन्हा करायची गरज नाही, आणि पंचगंगेलाही त्यांच्या दहा चुकांची वाट पाहायला लागू नये.

आपला,
सांडपाणी प्रक्रिया क्षेत्रातील एक अभियंता,
इचलकरंजी