पाच एमएमचा छर्रा आणि तुझा म्हातारा शेजारी

रामबाग, इंदूर
शनिवार सकाळ, पाऊस धो धो

प्रिय बंड्या,

काल रात्री तुझा एवढा मोठा मेसेज बघून मला वाटलं काय झालं बाबा, आणि सगळं वाचून काढलं तर प्रश्न एकच, शेजारचा म्हातारा बीमन आर-1 ही एअर रायफल विकतोय, 5 एमएम मापाच्या नळीवाली, घेऊ का नको. अरे भिया, हे फोनवर दोन मिनिटांत सांगायचं प्रकरण नाही म्हणून लिहायला बसलो. पोह्यांची बशी बाजूला आहे आणि लाइट गेलीये, तेव्हा वेळच वेळ.

बंदूक चांगलीच आहे, त्यात काही बोलायलाच नको. जर्मनीतल्या वायराउखची, तिकडे तिला एचडब्ल्यू-80 म्हणतात, बीमनने 1981 मध्ये ती अमेरिकेत आर-1 म्हणून आणली. जवळजवळ चार किलो वजन, नळी मोडून भरायची, दणकट काम. म्हाताऱ्याने नको तिथे तेल ओतलं नसेल तर आपल्या दोघांना पुरून उरेल. माझी कुरकुर त्या 5 एमएमबद्दल आहे, आणि ती पण नळीबद्दल नाही, छर्‍यांबद्दल आहे.

या मापाची तारीफ सगळे एकच करतात, की 4.5 एमएम या लहान मापाची सरळ चाल पण मिळते आणि 5.5 या मोठ्या मापाचा दणका पण मिळतो. म्हणजे जलेबीचा पाक एकतारी नाही, दोनतारी नाही, दीडतारी. मला आधी पटलंही होतं, कारण नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढलं तर 4.5 चं 15.9 चौरस मिलिमीटर, 5 चं 19.6 आणि 5.5 चं 23.8, जवळजवळ मधोमध. पण मग छर्‍यांची वजनं बघितली आणि डोकं खाजवत बसलो. जेएसबी कंपनीचा 4.5 चा नेहमीचा छर्रा 8.44 ग्रेनचा (ग्रेन हे छर्रे तोलायचं माप), 5.5 चा हलका 14.35 ग्रेनचा, आणि 5 चा किती, तर 13.73! हा कसला मधला, हा तर मोठ्या भावाच्या घरीच राहायला गेलाय. 12 फूट-पाउंडची ताकद (म्हणजे छर्रा नळीतून सुटतानाची ऊर्जा) धरून वेग काढला, तर 4.5 चा सेकंदाला 800 फूट येतो, 5.5 चा 613, आणि आपल्या दीडतारीचा 627. चौदा फुटांचा फरक, त्याच्यासाठी कोण एवढा खटाटोप करणार?

हां, एक गोष्ट खरी. तेवढंच वजन बारीक अंगात भरलं की छर्रा हवेत वेग जास्त टिकवतो, अर्थात आकार सारखा असला तर. तो फायदा खोटा नाही. आणि खरा मधला छर्रा पण आहे, एच अँड एन कंपनीचा एफटीटी, 11.42 ग्रेनचा, तो 688 पर्यंत जातो. म्हणजे 5 एमएमची जी काय मजा आहे ती जवळपास त्या एका डब्यात आहे. तुझ्या नळीला तो मानवला तर ठीक, नाही मानवला तर मग काय करशील? 4.5 मध्ये एक नाही जमला तर दुकानात अजून पंधरा प्रकार असतात, ट्राय करत बसायचं. 5 मध्ये बोटावर मोजण्याइतके, आणि त्यातले निम्मे आउट ऑफ स्टॉक. मुलगी पसंत आहे रे, पण गावात किराणा दुकान एकच आणि ते पण कधी उघडेल देव जाणे.

एके काळी अमेरिकेत 5 एमएमचा थाट होता म्हणा. विस्कॉन्सिनच्या रसीनमधल्या शेरिडन कंपनीने 1947 पासून याच मापात बंदुका काढल्या. त्यातलीच ब्लू स्ट्रीक मी तुझ्या साल्याच्या शेतावर चालवलेली, आठवतं ना? आणि माझा झालेला पोपट पण आठवत असेल. टेबलावर दोन डबे उघडे, मी चष्मा गाडीत विसरलेलो, बोलता बोलता 4.5 चा छर्रा उचलून 5 च्या बंदुकीत टाकला, आठ पंप मारले, तू म्हणालास जरा नळी खाली कर, आणि छर्रा घरंगळत येऊन माझ्या चपलेवर टप्पकन पडला. वहिनी हसून हसून खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या. ती हाताने पंप मारून हवा भरायची होती म्हणून निभावलं. आर-1 स्प्रिंगची आहे, तिच्यात असा ढिला छर्रा टाकून खटका ओढलास तर समोर अडवायला काहीच नाही, स्प्रिंगने ढकललेला पिस्टन जाऊन धाडकन आदळणार, रिकामी उडवल्यासारखंच. तेव्हा तुझ्या घरात दोन मापं येणार असतील तर डबे वेगवेगळ्या कपाटात ठेव, माझ्यावर हसलास तेवढं पुरे.

पण त्याच दिवशी मला 5 एमएम आवडला तो बोटांमुळे. 4.5 चा छर्रा म्हणजे मसुरीचा दाणा, आपली बोटं आता पूर्वीची राहिली नाहीत, चिमटीतून सुटतो, उलटा बसतो, घेर चेपतो. 5 चा नीट पकडता येतो, अंगठ्याने दाबला की शेवटी जरासं अडून आत सरकतो, ते न बघता पण कळतं. चाळिशीनंतर हे कारण मला फूट-पाउंडपेक्षा मोठं वाटतं, हस खुशाल.

स्पर्धा वगैरे डोक्यात असेल तर मात्र विषयच संपला. दहा मीटर एअर रायफलला 4.5 शिवाय चालत नाही, बिंद्राने 2008 ला बीजिंगमध्ये सोनं मारलं ते त्याच मापाने. माझा भाचा इथे रेंजवर जातो, तिथे दुसरं माप कोणी बघितलेलं पण नाही. आणि भारतात येताना बंदूक बरोबर आणायचा विचार सोड, आपल्याकडे 2016 च्या आर्म्स रूल्सनी 4.5 च्या वरचं बोअर लायसन्समध्ये गेलंय, एअरपोर्टवर तुला सोडवायला मी येणार नाही.

मी असतो तर काय केलं असतं सांगू? म्हाताऱ्याला चहाला बोलव, त्याच्याकडच्या सगळ्या प्रकारचे दहा-दहा छर्रे त्याच्याच हाताने 25 यार्डावर मारून घे, आणि ज्या प्रकाराची दहाही भोकं एका नाण्याखाली झाकली जातील त्याचा डबा आज दुकानात मिळतो का बघ. मिळत असेल तर आधी छर्रे घे, बंदूक नंतर. तू रविवारी पन्नास मारणार, म्हणजे वर्षाला 2600, पाचशेचे पाच-सहा डबे, शक्यतो एकाच लॉटचे. मिळत नसेल तर त्याला नमस्कार करून सरळ 5.5 ची आर-1 शोध, तीच बंदूक आहे, फक्त छर्‍यांची ददात नाही.

त्याच्या डब्यांचे फोटो पाठव, लेबल नीट दिसेल असे. वहिनींना नमस्कार. आता उठतो, तुझ्यासाठी भाच्याचे छर्रे हातात घेऊन बघत होतो, शिशाचे हात साबणाने धुतल्याशिवाय पोह्यांना लावता येणार नाहीत, आणि पोहे पार गार झालेत.

तुझा
नंदू